भोंगा वाजला की आत जायचं

तापीपिंप्री, ता. शिंदखेडा
३ मार्च २०२५

भाऊ,

नमस्कार, आणि त्यातला अर्धा दिपमाला वहिनींना दे.

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. खिशात फोन असताना ही बाई पत्रं का लिहीत बसली, असं तू म्हणशील. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य सुरू केलं की तू त्याचं शेपूट धरून तुझं सुरू करतोस. पत्रात ती सोय नाही, पूर्ण वाचावंच लागतं. शिवाय धरणगाव ते दोंडाईचा गाडी दोन-अडीच तासांत येते आणि पोस्ट चार दिवसांत, म्हणजे रागावलास तरी उत्तर येईपर्यंत शांत झालेला असशील.

आता मुद्दा. मी सरपंच झाले तेव्हा तू पेढे वाटलेस, पण सरपंचाला काय काय ऐकावं लागतं ते आता कळतंय. गावापुढे दोन प्रस्ताव आहेत. एक, वरच्या पडीक माळावर सौर प्रकल्प. पत्रे बसवायचे, वीज करायची, आणि शेतीच्या मोटारींना दिवसा लाईट. दुसरा, कुठल्याशा कंपनीचे दोन साहेब येऊन गेले, त्यांना नदीकडच्या जमिनीची पाहणी करायची आहे. पुढेमागे तिथे छोटी अणुभट्टी बसवायचा विचार आहे म्हणे. ती आली तर माळावर त्यांची वसाहत आणि रस्ता, म्हणजे सौर विसरायचं. दोन्हीतलं एकच घ्यायचं आहे आणि ग्रामसभा एप्रिलात आहे.

साहेबांनी बैठकीत ‘अणुभट्टी’ म्हटलं आणि पुष्पाबाई ताडकन उठली. तुला आठवत असेल, दारूबंदीच्या वेळी हिनेच नाल्यातली पिंपं फोडली होती. म्हणाली, “भट्टी बंद करता करता आमनं डोकं पांढरं व्हयनं, आते साहेब लोकच भट्टी लई येतस का?” मागून बठ्ठ्या बाया, एकूण एक, उभ्या राहिल्या. साहेब समजावताहेत, अहो बाई, ही तसली भट्टी नाही, आणि ती म्हणतेय, सगळे असंच सांगतात. शेवटी साहेबांनी चहा न घेताच गाडी काढली.

हसून झालं असेल तर खरं सांग. तू नोकरीची सगळी वर्षं अणुवीज केंद्रात काढलीस. गावाला ठाऊक आहे, सरपंचबाईचा भाऊ अणूवाला आहे. मला मनातून माळावरचे पत्रे हवेत. पण तसा हात वर करताना तुझ्या कामाला पाठ दाखवल्यासारखं वाटेल, आणि ते मला सोसणार नाही. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?

तुझी
सुलक्षणा (सरपंच, पण तुझ्यापुढे नाही)

●

धरणगाव
१० मार्च

सरपंचबाई यांस,

पत्र पूर्ण वाचलं. मधे बोललो, पण ते फक्त दिपमालाने ऐकलं.

तुमच्या पुष्पाबाईंना सांग, अणुभट्टीत गूळ-नवसागर टाकत नाहीत आणि सकाळी तिच्या दारात कुणी लोळत पडलेलं नसतं. तिथे युरेनियम तापतं, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. त्या टर्बाइनवर मी माझे हात काळे केले. धूर नाही, राख नाही. दोन्ही पोरं तिथल्या वसाहतीत वाढली, सायकलवरून पडण्यापलीकडे त्यांना काही झालं नाही. आमच्या छातीवर बिल्ला असायचा, अंगाला किती किरण लागले ते तो मोजायचा. एवढी काळजी तुमच्या दोंडाईच्याच्या डॉक्टरने तरी कुणाची घेतली आहे का?

आणि सौर म्हणजे काय गं? सूर्य बुडाला की दुकान बंद. गारपीट झाली की काचांचा चुरा. मी वाईट आहे असं म्हणत नाही, पोरांच्या गच्चीवर ठीक आहे. पण अणुवीज सोडून ते घ्यायचं म्हणजे ट्रॅक्टर परत करून बैल मागण्यासारखं आहे.

आमचे जुने सोबती अजून फोन करतात. उद्या विचारतील, काय ज्ञानेश्वर, तुझ्या सख्ख्या बहिणीच्या गावानेच नाही म्हटलं? मी काय सांगू त्यांना? तसा ठराव झाला तर यंदा अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, तुला न्यायला कोणत्या तोंडाने यायचं, ते तूच सांग.

आमच्या दाजींना, अभिमनरावांना, नमस्कार.

भाऊ

(सुलक्षणाताई, शेवटचं वाक्य ह्यांनी खोडून परत लिहिलंय. चेष्टा म्हणून वाचेल ती, असं म्हणाले, पण हसले नाहीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. – दिपमाला)

●

तापीपिंप्री
१८ मार्च

भाऊ,

मनाला लावून घेतलं. वहिनींनी नको म्हटलं तरी.

माझं लग्न झाल्यापासून दर अखाजीला तू मला माहेरी न्यायला मुराळी होऊन दारात आलास. नोकरी समुद्रकाठी होती तेव्हासुद्धा रजा काढून, गाड्या बदलत आलास. आमच्या गल्लीतल्या बायकांचे भाऊ आता फोन करतात, ये गं जमलं तर. माझा भाऊ पिशवी घेऊन ओट्यावर येऊन बसतो आणि ‘आटप लवकर’ म्हणून ओरडतो, याचा मला ह्या वयातही तोरा आहे. तो तू एका वाक्यात काढून घेतलास. ठीक आहे.

आता तुझ्या वाक्यांना उत्तर. चुडामण आठवतो ना, आमच्या शेजारच्या वावरातला? गेल्या थंडीत रात्री पाणी भरताना त्याला साप चावला. वाचला, पण पाय अजून ओढतो. आमच्याकडे मोटारीची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीच येते. माझा स्वप्नील बॅटरी घेऊन वावरात जातो आणि तो परत येईपर्यंत मी इथे कूस बदलत असते. तुझी अणुवीज गुणाची असेल, पण ती इथून उचलून मोठ्या शहरांत जाईल. माळावरची वीज आमच्या मोटारींना दिवसा मिळेल असं करारातच आहे. सूर्य बुडाला की दुकान बंद, म्हणतोस. मला तेच हवंय. आमचं पोर सूर्य बुडाला की घरी यायला पाहिजे. राहिली गावातली रात्रीची लाईट, ती आत्ता येते तशी साक्रीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांची येवो नाहीतर आणखी कुठली, तिचं माझं भांडण नाही.

बैलाचं बोलतोस, पण आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा लसींचा फ्रीज गच्चीवरच्या दोन पत्र्यांवर चालतो. लाईट गेली तरी लस खराब होत नाही.

आणि एकच प्रश्न विचारते, वकिली न करता. तुझ्या त्या केंद्रात कधी काही झालं नाही, मान्य. पण इथे एखाद्या दिवशी काही झालंच, तर आम्ही काय करायचं? साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, तशी वेळ येणार नाही. मी विचारलं काय आणि त्यांनी सांगितलं काय. तू सांग.

सुलक्षणा

●

धरणगाव
२५ मार्च

सुलू,

हा झाला प्रश्न! आता तू सरपंच शोभतेस.

उत्तर सोपं आहे. आम्ही वसाहतीत दरवर्षी सराव करायचो. सायरन वाजला की प्रत्येकाने घरात जायचं. दारं-खिडक्या बंद, पंखे बंद, फटींना ओले टॉवेल. आयोडिनच्या गोळ्या वाटतात, एकेक घ्यायची. मग बसगाड्या येतात आणि सगळ्यांना लांब नेतात. चहा निवायच्या आत सगळं शिस्तीत व्हायचं. तुमचं गाव ते केवढं!

उगाच लिहिण्यापेक्षा करूनच दाखवतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी येतो. तुझ्या पंचायतीवर भोंगा आहे, तोच वाजवू. तू आदल्या दिवशी दवंडी दे. गोळ्या म्हणून मी लिमलेटच्या गोळ्या आणतो. गावाचा आराखडा मी इथे बसून तयार केलाय, कुणाच्या घरात किती माणसं ते स्वप्नीलने फोनवर सांगितलं. एकदा डोळ्यांनी बघितलं की पुष्पाबाईसुद्धा सहीला तयार होईल.

अखाजीचं मी असंच लिहिलं होतं. असंच म्हणजे, पूर्ण असंच नाही. ते नंतर बोलू.

भाऊ

●

तापीपिंप्री
९ एप्रिल

दिपमाला वहिनी,

हे पत्र तुम्हाला लिहितेय, कारण भाऊ माझा फोन उचलत नाही. काल जेवण न करता तो दोंडाईच्याला गेला आणि मिळेल त्या गाडीत बसला. तुमच्या कानावर त्याने काय घातलं असेल ते घातलं असेल, माझी बाजू ऐका.

परवा गावात दवंडी दिली होती. उद्या भोंगा वाजला की घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, हा फक्त सराव आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. काल दुपारी भाऊ घड्याळ बघत देवळाच्या पायरीवर उभा राहिला. कडक इस्त्रीचा सदरा, हातात गोळ्यांचा डबा. प्रेमराज शिपायाने भोंगा वाजवला मात्र, आणि अख्खं गाव हंडे, कळश्या, बादल्या घेऊन बाहेर पळत सुटलं. “टँकर उना! टँकर उना!”

वहिनी, गावाच्या नावात तापी आहे, पण नळाला नाही. गेल्या उन्हाळ्यापासून टँकर आला की भोंगा वाजवायचा, ही पद्धत मीच पाडली. ते माझ्या डोक्यातून साफ गेलं. लोकांच्या डोक्यातून दवंडी गेली. भाऊ वरून ओरडतोय, “आत जा! बाहेरची हवा खराब आहे!” आणि पुष्पाबाई हंडा कमरेवर घेऊन त्यालाच विचारतेय, “हवा जाऊ दे भाऊ, पानी कोठे शे?”

ज्यांनी दारं लावली त्यांचे हाल निराळे. उन्हाने डोकं फुटायची वेळ, वर पत्रा, लाईट गेलेली, आणि फटींना टॉवेल. हाशमची बायको रूही बाळाला घेऊन थोड्याच वेळात बाहेर आली, बाळ रडून रडून लालबुंद. “काका, आत नाही बसवत,” म्हणाली. बस म्हणून हितेंद्रची काळी-पिवळी सांगून ठेवली होती, ती लग्नाचं वऱ्हाड घेऊन शहाद्याला गेलेली. गोळ्या मात्र चोख वाटल्या गेल्या. पोरं दोन-दोनदा रांगेत आली. पुष्पाबाईने तिची परत केली, “माले शुगर शे.” आराखड्याप्रमाणे वागले ते एकटे आमचे हे. ते आधीपासूनच आत झोपले होते.

लोक हसले, वहिनी. भाऊला हसले नाहीत, आपल्या फजितीला हसले, पण त्याला तसं वाटलं असेल. जाताना मला म्हणाला, “हे तू ठरवून केलंस.” मी शपथ घेते, नाही केलं. मी तर त्याच्यासाठी खापरावरचे मांडे केले होते. ते तसेच राहिले.

अखाजी तोंडावर आली. त्याने काही म्हटलं का हो?

तुमची
सुलक्षणा

●

धरणगाव
१४ एप्रिल

सुलक्षणाताई,

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. पुष्पाबाईंच्या शुगरपाशी मला हसू आवरेना, हे मात्र भिंतीकडे बघत होते.

आल्यापासून धड बोलत नाहीत. सोबत्यांचे फोन आले तर सांगतात, घरी नाही म्हण. दुपारी ओट्यावर बसतात, उन्हाची झळ लागते तरी उठत नाहीत. मी म्हटलं, अखाजी जवळ आली, ताईंना आणायचं ना? तर म्हणाले, बघू. आजवर ह्या घरात ‘बघू’ हा शब्द अखाजीसाठी कधी निघाला नव्हता.

मला वाटतं दुखावलेत. माणसाने सगळी वर्षं ज्याची बढाई मारली त्याचं पाण्याच्या हंड्यांनी असं व्हावं, वाईट वाटणारच. मी तुमच्या गावातलं काही सांगणारी कोण, पण ठराव पुढच्या सभेवर ढकलता येत असेल तर बघा. अखाजी गोड होऊन जाऊ दे, मग काय करायचं ते करा.

दिपमाला

●

तापीपिंप्री
१९ एप्रिल

भाऊ,

उद्या ग्रामसभा आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती होऊन गेलेली असेल, म्हणून नंतर कळलं असं तू म्हणू नयेस यासाठी आधीच लिहून टाकते.

वहिनी म्हणाल्या, पुढे ढकल. मी विचार केला. ढकलता आलं असतं. पण पुढच्या सभेलाही हात मलाच वर करायचा आहे आणि भाऊ तेव्हाही तूच असणार आहेस. उद्या मी माळावरच्या पत्र्यांसाठी हात वर करणार. साहेबांना नाही म्हणून सांगणार.

तू तिथे नीट काम केलंस, हे मला माहीत आहे. तुझ्यासारखी माणसं तिथे होती म्हणून काही झालं नाही. ते मी सभेतही सांगणार आहे. पण तुमच्याकडे आत जायला पक्की घरं होती, दारात बस होती आणि शिकवलेली माणसं होती. आमच्याकडे भोंगा एकच आहे, आणि तो पाण्याचा आहे.

तुला राग आला असेल तर तो तू धर. तुझा हक्क आहे. मी अखाजीला इथेच राहीन, सुनेला सांगितलंय कोणाला काही बोलू नकोस म्हणून. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण त्यासाठी मी दोन हजार माणसांच्या जिवासाठी वर करायचा हात खाली ठेवणार नाही. तूच लहानपणी मला शिकवलंस, खरं बोलायचं झालं तर मान वर करून बोलायचं.

सुलक्षणा

●

धरणगाव
२४ एप्रिल

सुलू,

ठराव झाल्याचं अभिमनरावांनी फोनवर सांगितलं. पुष्पाबाईने दोन्ही हात वर केले म्हणे. तुझं पत्र त्यानंतर मिळालं.

तुम्ही दोघींनी मिळून मला चांगलाच रागीट करून ठेवलंय. राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोंडाईच्याला गाडीत बसलो तेव्हा वाटत होतं, हिने गावासमोर माझं नाक कापलं. पण अमळनेर येईपर्यंत तो उतरला आणि मला भीती वाटायला लागली. ती अजून गेलेली नाही. दिपमालाला सांगता येईना, तुला फोनवर तर मुळीच नाही. आता मलाही पत्राची सोय कळली.

मी देवळाच्या पायरीवर उभा होतो. तिथून तुमची अख्खी गल्ली दिसते. हंड्यांचं तू तुझ्या वहिनीला सगळं लिहिलंस, एक गोष्ट लिहिली नाहीस. तुझ्या पायांत चपला नव्हत्या. त्या उन्हात तू दारं ठोठावत पळत होतीस, याला आत ढकल, तिचा हंडा काढून घे. मग हाशमच्या म्हाताऱ्या आईला, नूरबीला, ओट्यावरून उठवायला गेलीस. ती म्हणाली, “माय, मन्हा पाय चालत नही. तू जाय, तू घरमा जाय.” तू गेली नाहीस. तिच्याशेजारी बसलीस आणि पदराने तिला वारा घालत राहिलीस. मी हातातल्या घड्याळाकडे बघायचं विसरलो.

सराव आहे हे तुला माहीत होतं. पण खरं असतं तरी तू हेच केलं असतंस. तू मला तो प्रश्न विचारलास तेव्हा मला वाटलं, गावाने काय करायचं ते विचारतेय. तू काय करशील हे मी स्वतःला विचारलंच नाही. आमच्या वसाहतीत सायरन वाजला की बाहेर फिरायचे ते अंगभर पोशाख आणि तोंडावर मुखवटा घातलेले लोक. आम्ही आत चहा पीत बसायचो. तुझ्या गावाचा आराखडा करताना मी सगळ्यांना आत बसवलं होतं. तुला अभिमनरावांच्या शेजारी बसवलं होतं. बाहेर कुणी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि बाहेर माझी बहीण होती.

तसं होणार नाही, सुलू. मी आजही सांगतो, होणार नाही, आणि माझ्या कामाची मला लाज नाही. पण ‘होणार नाही’ या शब्दावर मी जीव पणाला लावला, तो माझा होता. ह्या वेळी मी तुझा लावायला निघालो होतो, आणि वर रुसूनही बसलो होतो. माळावरचा पत्रा वादळात उडाला तर तो उचलून परत बसवतील. त्यासाठी कुणाला गावभर दारं ठोठावावी लागणार नाहीत. तू बरोबर हात वर केलास.

काल जुन्या सोबत्याचा फोन आला. विचारलंच त्याने, बहिणीच्या गावाने नाही म्हटलं म्हणे? मी म्हटलं, हो, आणि मी तिथे असतो तर मीही म्हटलं असतं. तो म्हणाला, माझीही एक बहीण खेड्यातच असते.

सूर्य बुडाल्यावरच्या विजेचं मला अजून पटलेलं नाही. त्यावर भांडायला तुला इथे चांगले चार दिवस आहेत. दिपमालाने सांजोऱ्यांची तयारी कालच सुरू केली. सोमवारी सकाळच्या गाडीने न्यायला येतो. वीज कुठलीही येवो, बहीण मला एकच आहे.

भाऊ